तुळई आणि पडदा

घरांतील लहानसहान गोष्टींवर विचार करीत बसणें विद्वानांस शोभत नाहीं, अशी एक समजूत आपणांमध्यें रूढ आहे. ईश्वर आहे कीं नाहीं, मनुष्य स्वतंत्र आहे कीं परतंत्र, हे प्रश्न विचारास योग्य. खिडकीस पडदा कसा लावावा हा प्रश्न मात्र सुताराचा आणि शिंप्याचा! आमचें मत याहून थोडें निराळें आहे. मोठे प्रश्न मनुष्यास आयुष्यांत चारदोन वेळां भेटतात. लहान प्रश्न रोज सकाळीं दारांत उभे असतात, आणि पुष्कळदां मोठ्या प्रश्नांनींच तो लहान वेष घेतलेला असतो. पडद्याचा प्रश्न याच जातीचा आहे. घरांतलें किती दिसूं द्यावें आणि किती झांकावें, झांकणें म्हणजे लपविणें काय, आणि लपविणें म्हणजे खोटें वागणें काय, हे नीतिशास्त्रांतील प्रश्न चार हात कापडाच्या निमित्तानें आपणांपुढें येतात.

प्रथम, प्रसंग कोणता तें सांगतों. सांगली व मिरज या दोन शहरांच्या शेजारचें कुपवाड हें एके काळचें खेडें. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ सालीं सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाल्यापासून तें कागदोपत्रींही शहरांत जमा झालें आहे. तथापि या भागांतील जुन्या गांवठाणांतून लांकडी कडीपाटाचीं घरें अद्यापि आढळतात. अशा घराची भिंत दगडमातीची व चांगली जाड. खांबांवर आडवी टाकलेली भक्कम तुळई. तुळईवर थोड्या थोड्या अंतरानें कड्या. कड्यांवर पाट किंवा किलचा, आणि त्यांवर माती. खांबाखांबांमधील जागेस खण म्हणावयाचें, आणि घराचा मोठेपणा खणांच्या संख्येवर मोजावयाचा. हें सारें लांकूड खालून उघडें दिसतें. घर बसकें असल्यामुळें खिडकीची चौकट आणि तुळईचें बूड यांमध्यें पुष्कळदां वीतभरही जागा नसते. आतां या खिडकीस पडदा लावावयाचा तर दांडी कोठें बसवावी? भिंत मातीची, ती खिळा धरीत नाहीं. तुळईंत खिळा मारावा, तर घरांतील वडील माणसें हात धरतात. पडदा अगदीं वरून सोडावा, तर तुळईचें तोंड झांकतें. बरें, पडदा लावूंच नये, तर समोर नव्यानें उठलेल्या इमारतीच्या गच्चीवरून आपल्या ताटांतील भाकरी दिसते.

येथें कोणी म्हणेल, कीं आपल्या पूर्वजांनीं याच घरांत पडद्यावांचून पिढ्या काढल्या, मग आपणांसच तो कां हवा? याचें उत्तर घराच्या बांधणींतच आहे. जुन्या वाड्यास रस्त्याच्या अंगास खिडक्या थोड्या, लहान आणि उंचावर असत. उजेड व वारा मधल्या चौकांतून येई. ओटीपर्यंत परका येई, माजघरापर्यंत आप्त, आणि स्वयंपाकघरापर्यंत घरचें माणूस. एकामागून एक असलेले उंबरठे हेच तेथले पडदे होते. भिंतीची जाडी, चौकाची रचना आणि लोकांची रीतभात या तिहींनीं मिळून जें काम केलें, तेंच आज एकट्या कापडावर येऊन पडलें आहे. भावाभावांत वाटण्या झाल्या, चौकाचे तुकडे पडले, रस्ता रुंद झाला, खिडकी मोठी झाली आणि शेजाऱ्याची भिंत चार हातांवर आली. जवळच इचलकरंजीस १९०४ सालीं यंत्रमाग आला व पुढें तें सबंध गांव कापडाचें झालें, त्यामुळें पडद्याचें कापड सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें हें खरें. परंतु पडदा आला तो केवळ चैन म्हणून नव्हे. घरानें जो आडोसा गमावला, त्याची ती भरपाई आहे.

आडोशाची ही गरज साहेबी शिक्षणाबरोबर आली, असेंही म्हणणारे आहेत. त्यांनीं कायद्याच्या इतिहासाकडे एकवार पाहावें. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत एक उदाहरण दिलेलें आहे: ज्या गांवीं तशी रूढी असेल, तेथें शेजाऱ्याच्या घराचा जो भाग सामान्यतः दृष्टीआड असतो, त्यांत डोकावणारी नवी खिडकी कोणास पाडतां येत नाहीं. १८८८ सालीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें गोकुळप्रसाद विरुद्ध राधो या खटल्यांत अशी रूढी ग्राह्य धरिली. अमेरिकेंत वॉरन व ब्रँडाइस यांनीं खाजगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, तो यानंतरचा, १८९० चा. कायद्याची भाषा इंग्रजी होती, पण रूढी येथलीच होती. दुसऱ्याच्या अंगणांत नजर टाकूं नये, हें आपल्या लोकांस कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

तरीही पडद्याविषयीं आपल्या मनांत एक अढी असते, आणि ती आपल्या भाषेंतही उतरली आहे. फारसींतून आलेला हा शब्द मराठींत आला तो संशय घेऊनच. ‘आडपडदा न ठेवतां बोल’ असें आपण म्हणतों, तेव्हां पडदा हा खरेपणाचा शत्रु ठरतो. एकादें लांछनास्पद प्रकरण दडपलें म्हणजे त्यावर ‘पडदा टाकला’ आणि कोणी कपट रचीत असला म्हणजे तें ‘पडद्याआड’ चाललें, असें म्हणावयाचें. या अढीच्या मुळाशीं एक युक्तिवाद आहे, आणि तो वरवर पाहतां बिनतोड वाटतो. ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं, त्यास पडदा हवाच कशाला? हॉलंडांत रस्त्यावरच्या घरांच्या मोठमोठ्या खिडक्या रात्रीं दिवे लागल्यावरही पडद्यावांचून उघड्या ठेवण्याची चाल प्रसिद्ध आहे. आमच्या घरांत लाजिरवाणें कांहीं चालत नाहीं, हें शेजाऱ्यास दिसावें, अशी धर्मभावना तिच्या मागें असल्याचें पुष्कळ लोक सांगतात. आपल्याकडील जुन्या पिढीचाही रोंख असाच असतो. ‘आपण काय चोरी केली आहे?’ हें वाक्य पडद्याच्या वादांत कोणत्या घरांत ऐकूं आलें नसेल?

या युक्तिवादांत एक चूक आहे. झांकलेलें तेवढें सर्व वाईट, असें तो गृहीत धरतो. मनुष्य स्नान करतो तें आडोशास. त्यांत पाप नसतें. आई आजारी मुलाच्या उशाशीं बसून रडते, पतिपत्नी भांडून पुन्हां गोडीगुलाबीनें बोलूं लागतात, एकादा वृद्ध गृहस्थ देवापुढें हात जोडून पुटपुटत असतो; यांतलें कांहींही लाजिरवाणें नाहीं, आणि तरीही तें रस्त्यावर मांडावयाचें नसतें. दुसऱ्याची नजर पडली कीं मनुष्य आपल्या वागण्याकडे स्वतःच बाहेरून पाहूं लागतो. मग रडणें तें रडणें राहत नाहीं, आणि प्रार्थना ती प्रार्थना राहत नाहीं. दोहोंसही थोडा देखाव्याचा वास येऊं लागतो. म्हणजे कांहीं गोष्टी खऱ्या राहाव्या याचसाठीं त्यांस आडोसा लागतो. उघडेपणा आणि खरेपणा या एकच वस्तु नव्हेत.

आपल्या चालीरीतींनीं हा भेद फार पूर्वींच ओळखिला आहे. लग्नांत वधूवरांच्या मध्यें अंतरपाट धरितात. दोघांसही पलीकडे कोण आहे हें पक्कें ठाऊक असतें, मंडपांतील प्रत्येकास ठाऊक असतें. त्या पडद्यानें कोणाची फसवणूक होत नाहीं. योग्य क्षण येईपर्यंत दृष्टीनें थांबावें, एवढेंच तो सांगतो. सांगलीकरांस तर दुसरें उदाहरण घरचेंच आहे. १८४३ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ हें नाटक सांगलीस केलें, आणि मराठी रंगभूमीची परंपरा आपण तेथून मोजतों. रंगभूमीवरील पडद्यामागें नट तोंडास रंग लावीत असतो हें प्रेक्षकांस माहीत असतें, तरी त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. कारण तो पडदा ‘मी पडदा आहें’ असें उघड सांगतो. येथें कांहीं राखून ठेविलें आहे, ही गोष्ट तो लपवीत नाहीं.

हाच या प्रश्नाचा गाभा आहे असें आम्ही समजतों. झांकणें दोन प्रकारचें असतें. एक, ‘येथें कांहीं आहे, पण तें तुम्हांस पाहावयाचें नाहीं’ असें सांगणारें. आणि दुसरें, ‘येथें कांहींच नाहीं’ किंवा ‘येथें भलतेंच कांहीं आहे’ असें भासविणारें. पहिलें मौन आहे, दुसरें असत्य. रस्किननें आपल्या १८४९ च्या वास्तुकलेवरील ग्रंथांत सत्याचा विचार करतांना हीच मर्यादा घातली आहे. इमारतीचा सांगाडा उघडा दाखविलाच पाहिजे, असें तो म्हणत नाहीं; मनुष्याच्या देहाचीं हाडें तरी कोठें बाहेर दिसतात? परंतु जो आधार खरा नाहीं तो खरा असल्याचा भास निर्माण करणें, किंवा एका पदार्थावर दुसऱ्याचा रंग चढविणें, हें त्यास दूषणार्ह वाटतें. हल्लीं शहरांतून एक चमत्कार दिसतो. सिमेंटच्या स्लॅबखालीं पोकळ फळ्यांच्या ‘तुळया’ चिकटवून घरास जुनेपणाची शोभा आणितात. त्या तुळया कसलाही भार वाहत नाहींत. उलट स्लॅबच त्यांचा भार वाहतो! अशा दिवाणखान्यांत बसून शेजाऱ्याच्या साध्या सुती पडद्यास ‘लपवालपवी’ म्हणणें हें मोठें विनोदी आहे. पडदा मौन पाळतो. ती तुळई मात्र खोटें बोलते.

आतां खऱ्या तुळईकडे वळूं. वडील माणसें तिच्यांत खिळा मारूं देत नाहींत, ती केवळ जुन्याची माया नव्हे. भार पडला कीं तुळई किंचित् वांकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि हा ताण सहसा मधोमध सर्वांत अधिक असतो. एका बारीक स्क्रूनें कांहीं घर पडत नाहीं. परंतु बुडाशीं, मध्यावर, मोठालीं भोंकें पाडणें म्हणजे जेथें लांकूड सर्वांत अधिक राबतें तेथेंच त्यास दुबळें करणें होय. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तुळई उघडी असली म्हणजे तिची प्रकृति घरांतल्या सर्वांस दिसते. वाळवी आंतून लांकूड खाते, पण तिच्या मातीच्या रेघा वरून दिसतात. पोखरणारा किडा लागला तर खालीं जमिनीवर बारीक भुसा पडतो. तडा गेला, मध्यें झोळ पडला, पावसाळ्यांत टोंकाशीं ओल धरली, हें सारें अंथरुणावर पडल्या पडल्या डोळ्यांस दिसतें. जुन्या घरांतून वरची माती अंगावर पडूं नये म्हणून चांदवा, म्हणजे कापडाचें छत, बांधीत असत. तो शोभे खरा. परंतु त्यांत माती अडकली तशी भुशाची सूचनाही अडकून राहावयाची. आजच्या प्लास्टरच्या छताचें तेंच आहे. तुळईखालीं जो निजतो, त्यास तुळईची अवस्था जाणण्याचा हक्क आहे.

तेव्हां एकाच भिंतीवर, वीतभर अंतरानें, दोन निराळे न्याय लागूं होतात. जें दुसऱ्यांचा भार वाहतें तें उघडें असावें, कारण त्याच्या खालीं माणसें आहेत. आणि जें कोणाचें स्वतःचें जगणें आहे त्यास आडोसा असावा, कारण त्यावर बाहेरच्याचें कांहीं अवलंबून नाहीं. तुळयी उघडी, खिडकी झांकण्याची मुभा असलेली, हीच जागांची योग्य वांटणी होय.

हा नियम कापडापुरता ठेवला तर आम्ही एवढा कागद खर्चिला नसता. कुटुंबालाही तुळया असतात. कर्त्या पुरुषावरचें कर्ज, गहाण पडलेली जमीन, बंद पडत चाललेला धंदा, कमावत्या माणसाचें दुखणें, या सर्वांवर घरांतील इतरांचें भवितव्य टेंकलेलें असतें. आणि नेमक्या याच गोष्टी आपल्या मध्यम स्थितींतील घरांत झांकून ठेवण्याची रीत आहे. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अशा वेळीं पुढें येते. मूठ परक्यापुढें झांकावी, त्यांत शहाणपण आहे. परंतु जी बायको, जीं मुलें त्याच छपराखालीं निजतात, त्यांच्यापुढेंही ती झांकिली, तर एके दिवशीं सावकाराचा किंवा बँकेचा माणूस दारांत उभा राहतो, तेव्हांच त्यांस कळतें कीं तुळई कधींचीच पोखरलेली होती. झांकणाऱ्याचा हेतु पुष्कळदां प्रेमाचाच असतो, हें आम्हांस मान्य आहे. ‘त्यांच्या जिवास उगाच घोर कशाला?’ असें तो म्हणतो. परंतु घोर टळत नाहीं. फक्त तयारीची वेळ टळते.

याच घरांत खिडकीचा न्याय मात्र नेमका उलटा असतो. वयांत आलेल्या मुलीचें पत्र वडिलांनीं आधीं फोडावयाचें, ही एका पिढीची चाल होती. आज पत्राच्या जागीं मोबाईल आला आहे, एवढाच फरक. सुनेचें माहेरच्यांशीं काय बोलणें झालें, मुलानें मित्रास काय लिहिलें, हें सर्व घरास ठाऊक असलें पाहिजे, आणि त्यास ‘आमच्या घरांत आडपडदा नाहीं’ असें अभिमानानें म्हणावयाचें. म्हणजे तुळईस पडदा आणि खिडकी सताड उघडी! ज्या घरांत बापाचें कर्ज कोणास ठाऊक नाहीं आणि मुलीचें पत्र सर्वांस ठाऊक आहे, तें घर मोकळ्या मनाचें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

घरास लागूं असलेलें राज्यासही लागूं आहे. सरकारी हिशेब, कंत्राटें, रस्त्यावर व नाल्यावर झालेला खर्च, या नागरिकांच्या डोक्यावरच्या तुळया होत. महाराष्ट्रानें २००२ सालीं आणि सबंध देशानें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, तो त्या उघड्या राहाव्या म्हणून. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें निर्णय दिला कीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हे दोन निर्णय परस्परविरोधी आहेत असें ज्यास वाटेल, त्यानें कडीपाटाचें घर एकदां पाहावें. पहिल्यानें तुळई उघडी केली, दुसऱ्यानें खिडकीस पडदा दिला. दोहोंचें घर एकच. धोका आहे तो एकाचें कापड दुसऱ्यावर ओढलें जाण्याचा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठीं २०२३ सालीं झालेल्या कायद्यानें माहिती अधिकारांतील एक कलम बदलून व्यक्तिगत माहितीचा अपवाद बराच रुंद केला, तेव्हां माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनीं जी तक्रार केली ती याच धोक्याची होती. नागरिकाच्या नांवानें घेतलेल्या पडद्याआड अधिकाऱ्याची तुळई जाऊं नये, यासाठीं जागरूक राहणें हें प्रत्येकाचें काम आहे.

पडद्याची बाजू आम्हीं इतकी घेतली, म्हणून कोणी गोषाची आठवण करून देईल, आणि ती योग्यच आहे. सरदार व इनामदार घराण्यांतून स्त्रियांस पडद्यांत ठेवीत, तेंही आडोसा म्हणूनच ठेवीत. मग त्या पडद्यांत आणि या पडद्यांत भेद कोणता? भेद कापडांत नाहीं, दोरी कोणाच्या हातांत आहे यांत आहे. आंतल्या माणसास हवा तेव्हां सारतां आणि हवा तेव्हां ओढतां येतो, तो आडोसा. बाहेरच्यानें ओढिला आणि आंतल्यास सारतां येत नाहीं, तो कोंडवाडा. हें ज्या घरानें लक्षांत ठेविलें नाहीं, त्या घरांतील पडदा कितीही सुंदर असला तरी तो भिंतीहून वाईट.

आणि पडदा ही श्रीमंतांची हौस आहे, असें ज्यांस अजून वाटत असेल, त्यांनीं कुपवाडसारख्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीभोंवतींच्या एकखणी खोल्यांकडे पाहावें. तेथें रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोंपतो. जुन्या लुगड्याचा पडदा खिडकीवर ओढला म्हणजेच त्याची रात्र होते. एकाच खोलींत सासूसासरे, नवराबायको आणि शाळेंत जाणारीं मुलें राहतात. तारेवर टाकलेलें पातळ हीच त्यांची भिंत, आणि तिच्या आधारावर सर्वांची अब्रू उभी असते. ज्यास चार खोल्या आहेत, त्यास पडद्याची थट्टा करणें परवडतें.

आतां मूळच्या प्रश्नाकडे येऊन हा लेख संपवूं, कारण तत्त्व सांगून दांडी अधांतरीं ठेवणें बरें नव्हे. तुळईंत खिळा मारूं नये. मातीची भिंतही उकरूं नये. दांडीच्या आंकड्यांस खिडकीच्या चौकटीचें लांकूड पुरतें, आणि त्यावर दांडी बसविली म्हणजे पडदा खिडकीपुरताच राहतो. कापड रुंदीच्या दीडपट ते दुप्पट घ्यावें, म्हणजे चुण्या पडून आंतलें दिसत नाहीं. कापड साधें व धुतां येण्याजोगें असावें, आणि सारण्याची दोरी घरांतल्या धाकट्यांच्याही हातास लागेल इतकी खालीं असावी. वर राहिलेली वीतभर मोकळी जागा वाईट दिसते अशी भीति बाळगूं नये. त्या जागेंतून तुळई दिसते, आणि वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, घरांतल्या सर्वांनीं मिळून तिच्याकडे नीट पाहावें. त्याच दिवशीं घराचे हिशेबही सर्वांपुढें मांडले, तर एका कामांत दोन कामें होतील.